डावललेला हात: पिस्तुलाची उजवी घडण आणि डावखुऱ्याची निवड

१/२८
"हात बदल. पिस्तूल बदलता येणार नाही." एका नेमबाजी क्लबमध्ये माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला गेल्या आठवड्यात हे सांगण्यात आले. क्लबचे नाव सांगणार नाही, कारण हे वाक्य एकट्या त्या क्लबचे नाही; ते शंभर वर्षांहून जुने आहे. अर्धस्वयंचलित पिस्तूल उजव्या हाताचे कसे झाले, मुंबईशी त्या इतिहासाचा संबंध काय आणि डावखुऱ्या नेमबाजाने पिस्तूल निवडताना काय पाहावे, यावर हा धागा. माझी भूमिका आरंभीच सांगून टाकतो: हात बदलायचा नाही. #धागा #इतिहास #नेमबाजी

२/२८
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ती मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने मागचा भाग सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि तोच भाग पुढे येताना नवे काडतूस नळीत सारतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो, म्हणून 'अर्ध'. जुन्या मराठी लेखनात याच यंत्राला सरसकट 'ऑटोमॅटिक पिस्तूल' म्हटलेले आढळते.

३/२८
या यंत्रात उजवेपणा चार ठिकाणी दडलेला असतो. मूठ: तळहाताच्या आकाराला घडवलेली असेल तर ती एकाच हाताची असते. सुरक्षा खटका: बहुधा डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्याखाली. मॅगझिन सोडण्याचे बटण: तेही डाव्या अंगाला. आणि पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी: उजव्या अंगाला, उजव्या हाताच्या नेमबाजापासून दूर. उजव्या माणसाला यांतले काहीही जाणवत नाही. सोय ज्याच्या वाट्याला येते त्याला ती सोय वाटतच नाही, निसर्गनियम वाटतो.

४/२८
हे यंत्र मुंबईत कसे आले, याचा एक अध्याय इतिहासात पक्का नोंदला गेला आहे. १९०९ साली लंडनच्या इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे घेऊन मुंबईत उतरला. पेटीला दुहेरी तळ होता. धाडणारे होते विनायक दामोदर सावरकर. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगमधूनच.

५/२८
पुढे खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. मला तिच्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पेटीतून जे आले ते हाती धरायचे, एवढेच त्या तरुणांच्या हाती होते. कोणते पिस्तूल आपल्या हाताला बसते, हा प्रश्न त्यांच्यापुढे येणे शक्यच नव्हते.

६/२८
कायद्यानेही तो प्रश्न येऊ दिला नव्हता. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देत नव्हता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे ज्या काळात हे यंत्र जगभर घडत होते, त्याच्या नमुन्यांवर सूचना होत होत्या, खटके इकडचे तिकडे होत होते, त्या काळात आपण ग्राहकच नव्हतो. मग आपल्यातला डावखुरा कुठून मोजला जाणार? दुसऱ्यांच्या हाताच्या मापाने बेतलेली वस्तू आपण तयार स्वरूपात स्वीकारली.

७/२८
ते माप कोणाच्या हाताचे होते? अमेरिकी संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंगने बेल्जियममधल्या एर्स्तालच्या कारखान्यासाठी घडवलेली पिस्तुले विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर खपली. त्याचेच दुसरे पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च १९११मध्ये स्वीकारले; कोल्ट १९११ म्हणून ते ओळखले जाते. त्यावरचा अंगठ्याचा सुरक्षा खटका घोडदळाच्या आग्रहावरून आला. स्वाराचा डावा हात लगामात गुंतलेला. तेव्हा उजव्या हातानेच, दुसऱ्या हाताची मदत न घेता, पिस्तूल सुरक्षित करता यावे ही अपेक्षा.

८/२८
अपेक्षा रास्त होती. घोडा उधळला तर हातातले पिस्तूल कोणालाही लागेल. पण त्यानंतर काय झाले ते पाहा. घोडा रणांगणावरून गेला, लगाम गेला, खटका मात्र स्वाराच्या उजव्या अंगठ्याखालीच राहिला. ब्राउनिंगच्या पश्चात पूर्ण झालेले १९३५चे हाय-पॉवर पिस्तूलही मूळ रूपात त्याच बाजूचा खटका घेऊन आले. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारे आपल्या लष्कराचे '९ मिमी १ए' पिस्तूल हे त्याच हाय-पॉवरचे अपत्य. शिवाजी पार्कच्या मैदानात घोडा दिसणार नाही, पण घोडेस्वाराचा अंगठा आजही आपल्या पिस्तुलावर आहे.

९/२८
"यंत्रच तसे आहे, त्याला काय करणार?" हा पहिला युक्तिवाद. तो खोटा आहे आणि त्याचा पुरावा यंत्रांच्याच इतिहासात आहे. जर्मन ल्यूगर पिस्तुलात मागचा सांधा कोपरासारखा वर दुमडतो आणि पुंगळी वरच्या दिशेला उडते. १८९६च्या माउझरमध्येही ती वरच जाते. १९३८ साली जर्मन लष्कराने स्वीकारलेले वॉल्थर पी-३८ तर पुंगळी चक्क डावीकडे फेकते. लाखोंच्या संख्येने घडलेले हे पिस्तूल डावीकडे पुंगळ्या टाकत महायुद्ध लढले. पुंगळी उजवीकडेच गेली पाहिजे, असे भौतिकशास्त्र सांगत नाही.

१०/२८
मॅगझिनचेही तेच. अनेक युरोपीय पिस्तुलांत ते सोडण्याची कळ मुठीच्या तळाशी असते. तिला डावा-उजवा ठाऊक नाही. पुढे १९८५मध्ये अमेरिकी लष्कराने बेरेटा स्वीकारले, त्याचा सुरक्षा खटका दोन्ही अंगांना होता. २०१०नंतरच्या ग्लॉकमध्ये मॅगझिनचे बटण एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. २०१७मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिग सावरची नियंत्रणे दोन्ही हातांसाठी आहेत. जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती मोठ्या ग्राहकाने मागताच शक्य झाली.

११/२८
यंत्रे दोन हातांची घडवता येतात, हे मुंबईला तर कोणी शिकवू नये. परळ-लालबागच्या गिरण्यांतील विणकामखाते आठवा. यांत्रिक माग 'डावा' आणि 'उजवा' अशा दोन घडणींत येत. सुरू-बंद करण्याचा दांडा एकाचा डाव्या अंगाला, दुसऱ्याचा उजव्या. कारण साधे होते. एका विणकराकडे दोन माग असत आणि दोन्हींचे दांडे त्याच्या आवाक्यात हवेत. १९२८च्या सार्वत्रिक संपात ज्या मुद्द्यांवरून गिरणगाव पेटले, त्यांत दोनाऐवजी तीन माग माथी मारण्याचा मुद्दा होताच.

१२/२८
म्हणजे मालकाला गरज भासली तेव्हा लोखंडाचे अवजड माग डावे-उजवे घडले आणि सातासमुद्रांपलीकडून गिरणगावात आले. किलोभर वजनाचे पिस्तूल मात्र घडू शकत नाही, असे आपण मानायचे? प्रश्न तंत्राचा कधीच नव्हता. प्रश्न हा होता की कोणाची गैरसोय मोजायची आणि कोणाची सोडून द्यायची.

१३/२८
सोडून देण्यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: डावलणे. तो 'डावा' याच शब्दातून आला. जो सरस तो 'उजवा', भेदभाव केला की 'डावे-उजवे' केले, क्षुल्लक काम म्हणजे 'डाव्या हाताचा मळ'. जेवताना, प्रसाद घेताना, दक्षिणा देताना डावा हात पुढे केला की आजी हातावर चापटी देणार. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी बसे. आज मी उजव्या हाताने लिहितो. अक्षर कोंबडीच्या पायांचे आहे.

१४/२८
परंतु हीच संस्कृती दुसरेही काही सांगते आणि ते सोयीस्करपणे विसरले जाते. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवी; १८०१ साली स्थापन झालेल्या त्या देवस्थानाचे सोवळे कडक. म्हणूनच घरोघरी गणपती आणताना आपण आवर्जून डाव्या सोंडेचा आणतो, कारण तो सौम्य, संसारी माणसाला झेपणारा. संस्कृतात 'सव्य' म्हणजे डावा. आणि महाभारतातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर 'सव्यसाची', डाव्या हातानेही तितक्याच कौशल्याने बाण सोडणारा. नेमबाजीच्या कुलपुरुषाची पदवीच डाव्या हाताची आहे.

१५/२८
आता दुसरा युक्तिवाद, जो क्लबांमध्ये सर्रास ऐकू येतो: "माणूस हात बदलू शकतो. तो टाकाच पाहा." कारोली टाकाच हा हंगेरीचा लष्करी नेमबाज. १९३८मध्ये सरावात सदोष हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९४८च्या लंडन व १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. नेमबाजीच्या इतिहासातील ही सर्वांत थोर कथांपैकी एक, यात वाद नाही.

१६/२८
पण या कथेतून निघणारा निष्कर्ष कोणता? टाकाचचा उजवा हात बाँबने नेला होता. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्या भाचीचा डावा हात धडधाकट आहे. तो निकामी मानावा असे क्लबच्या कपाटाला वाटते, एवढेच. आपत्तीतून उभ्या राहिलेल्या माणसाचे उदाहरण देऊन दुसऱ्यावर आपत्ती लादणे हा तर्क नव्हे. शिवाय गंमत अशी की, हात बदला म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते त्याने दोन्ही सुवर्णपदके डाव्याच हाताने जिंकली.

१७/२८
तिसरे उदाहरण आपल्याच मातीतले दिले जाते. १९८१-८२च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या रघुराम भट यांची डावखुरी फिरकी मुंबईला गुंडाळत होती, तेव्हा सुनील गावसकर डावखुरे होऊन खेळले. दादरच्या शारदाश्रमात शिकलेला सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, खेळतो उजव्याने. खरे आहे. प्रत्येक कामाचा हात एकच असतो असे नाही. मीही तसे म्हणत नाही.

१८/२८
पण गावसकरांनी बाजू बदलली ती चेंडूचे वळण पाहून, स्वतःच्या निर्णयाने, त्या एका प्रसंगापुरती. सचिनने कोणत्या हाताने खेळावे हे त्याच्या अंगाने ठरवले. दोघांपैकी कोणालाही "बॅट फक्त या बाजूची मिळते" असे सांगितले गेले नव्हते. निवड आणि सक्ती यांतला फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. जगात दहांतील सुमारे एक माणूस डावखुरा असतो. त्याला निवड द्या. मग त्याने उजवा हात निवडला तरी माझी हरकत नाही.

१९/२८
चौथा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. उजव्या हाताचा नेमबाज उजवा खांदा लक्ष्याकडे करतो, म्हणून त्याची छाती डावीकडे वळते. डावखुऱ्याची उजवीकडे. त्यामुळे उजव्यांच्या रांगेत डावखुरा उभा राहिला की उजवीकडच्या शेजाऱ्याशी त्याची समोरासमोर गाठ पडते. पुंगळी उजवीकडे उडते ती त्याच्या छातीसमोरून जाते. नवख्याचे लक्ष यामुळे विचलित होते, हे मान्य.

२०/२८
पण यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. दोन लेनच्या मध्ये पडदा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, जो उजव्यांनाही घालायचाच असतो. सरावाच्या वेळी डावखुऱ्याला उजवीकडची शेवटची लेन, म्हणजे समोर शेजारी नाही, भिंत. खरा धोका वेगळाच आहे. उजव्या घडणीची मूठ डाव्या हातात कशीबशी पकडली की मनगट वळते, बोट चापावर तिरके पडते आणि पिस्तुलाचे तोंड भरकटते. सुरक्षिततेचे नाव घेणाऱ्यांनी ही मूठ आधी बदलावी.

२१/२८
आता निवडीकडे. पहिली पायरी डोळा, हात नव्हे. दोन्ही हात लांब करून अंगठे व बोटांमध्ये लहानसा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एक वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागची हलत नाही तो आपला प्रमुख डोळा. हात डावा आणि डोळाही डावा असेल तर प्रश्नच मिटला. हात डावा, डोळा उजवा असेल तरी घाबरू नये; पिस्तूल हातभर दूर असते, मान किंचित वळवून नेम जुळतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला आंतरराष्ट्रीय नियमांची परवानगी आहे.

२२/२८
दुसरी पायरी, आपण कोणती नेमबाजी करणार. स्पर्धेतील २५ मीटर पिस्तूल प्रकार .२२ बोअरच्या पिस्तुलाने, एकाच हाताने खेळतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले. वेगाच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते, तेवढ्यात खाली धरलेला हात उचलून एक गोळी झाडायची. चापाचे वजन किमान १००० ग्रॅम. इथे सुरक्षा खटका गौण. सारा भार मुठीवर. मूठ तळहाताला तंतोतंत बसलेली नसेल तर तीन सेकंदांत ती बसवायला वेळ नाही.

२३/२८
म्हणून स्पर्धक डावखुऱ्याने पहिला प्रश्न विचारावा: या पिस्तुलाला डाव्या हाताची मूठ मिळते का? पार्दिनी, मोरिनी, वॉल्थर, श्टायर हे नामांकित उत्पादक डावी मूठ देतात. पिस्तूल तेच, नळी तीच; लाकडी मूठ एकदोन स्क्रूंनी निघते आणि दुसरी बसते. पुंगळी बहुतेकांत उजवीकडेच उडेल. तिची सवय काही आठवड्यांत होते. चुकीच्या मुठीची सवय मात्र होत नाही, तिचे व्यंग होते.

२४/२८
दोन्ही हातांनी धरायच्या, सेवेतील घडणीच्या पिस्तुलात क्रम उलटा. मूठ बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. पाहायचा तो सुरक्षा खटका. तो दोन्ही अंगांना असावा, किंवा मुळातच बाहेरचा खटका नसलेली घडण असावी. मॅगझिनचे बटण डाव्या अंगालाच असले तरी बिघडत नाही: डावखुऱ्याची तर्जनी त्याच बाजूला असते आणि ती बटण सहज दाबते. स्लाइड अडवणारी कळही तशीच. अनेक डावखुरे हे उजव्यांपेक्षा सफाईने करतात. सगळेच आपल्याविरुद्ध रचलेले आहे, असा रडका सूर मला मान्य नाही.

२५/२८
भारतात या निवडीला कायद्याची चौकट आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ९ मिमी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परदेशी पिस्तूल आयात करण्याची मुभा नामांकित नेमबाजांपुरती. परिणामी होतकरू खेळाडू काही वर्षे क्लबच्याच शस्त्रावर शिकतो. त्याची निवड त्याच्या हाती नसतेच. ती क्लबच्या कपाटात असते. १९०९च्या पेटीतून जे आले ते हाती धरायचे होते. आजच्या कपाटातून जे निघेल ते.

२६/२८
म्हणून माझा रोख प्रशिक्षकांवर नाही, कपाटावर आहे. मागणी तीन गोष्टींची. एक, प्रत्येक क्लबने एअर पिस्तूल आणि .२२ पिस्तूल यांच्या प्रत्येकी एका नमुन्यासाठी डावी मूठ ठेवावी. दोन, नवख्याच्या हाती शस्त्र देण्याआधी डोळ्याची चाचणी करून ती नोंदवहीत लिहावी. तीन, सरावात डावखुऱ्याला उजवीकडची शेवटची लेन मागण्याचा हक्क असावा. दुसरी आणि तिसरी मागणी फुकट आहे. पहिलीचा खर्च एका मुठीएवढा.

२७/२८
"मामा, मी उजव्या हाताने थोडे दिवस करून पाहू का? सरांना वाईट वाटेल," असे भाचीने विचारले. मला माझी पट्टी आठवली. मीही थोडेच दिवस करून पाहणार होतो. पन्नास वर्षे झाली. आम्ही खिडकीत उभे राहून त्रिकोणातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाहिली. डोळा डावा. हातही डावा. मग बसून क्लबला पत्र लिहिले: डावी मूठ मागवावी, निम्मा खर्च आम्ही देऊ, आणि ती मूठ पुढच्या डावखुऱ्या मुलासाठी क्लबच्याच कपाटात राहील. पत्र तिने स्वतः लिहिले, डाव्या हाताने. तिचे अक्षर सुरेख आहे.

२८/२८
उत्तर अजून आलेले नाही. आले की इथेच कळवीन. तोवर वाचकांपैकी जे क्लब चालवतात, शिकवतात किंवा एखाद्या समितीवर आहेत, त्यांनी उद्या कपाट उघडून एवढेच पाहावे: आपल्याकडे डावी मूठ आहे का? नसेल तर आजवर किती मुलांना आपण हात बदलायला लावले, याचा हिशेब मनाशी करावा. आणि जे डावखुरे आहेत त्यांनी पिस्तूल हाती घेण्याआधी आपला डोळा तपासावा, मूठ मागावी आणि ती मिळेपर्यंत मागत राहावे. #धागा समाप्त.